दोन स्पीकर आणि आप्पासाहेबांची ज्वारी

मला फक्त एक गाणं ऐकायचं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खुर्चीत बसून, मधे कुणी काही न विचारता. निवृत्त माणसाची ही काही फार मोठी मागणी नव्हे. लोक निवृत्तीनंतर चारधामला जातात, सोसायटीची निवडणूक लढवतात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मी यांपैकी काहीच करत नव्हतो. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी मी टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर ठेवून गाणी ऐकली आणि प्रत्येक गाणं रंगात आलं की समोर कुणीतरी टोपी काढून उभं राहून विचारायचं, "साहेब, पाण्याचं आवर्तन कधी सुटनार?" त्यामुळं मला शेकडो गाण्यांचे मुखडे पाठ आहेत आणि एकाचाही अंतरा येत नाही. मैफलीत लोक अंतऱ्याला माना डोलवतात तेव्हा मी शेजाऱ्याकडे बघून डोलवतो.

म्हणून स्पीकर घेतले. चांगले उभे, लाकडी, कमरेएवढे दोन स्पीकर. ते आमच्या जावयांनी, अवधूतरावांनी, पुण्याहून निवडून पाठवले. अवधूतरावांना यातलं फार कळतं. जावयाला कळतं म्हटलं की सासऱ्यानं मान हलवायची असते, पण मी मनापासून हलवली. आमची ही, नीलांबरी, मात्र पहिल्या दिवशीच दारात उभी राहून म्हणाली की प्रणिता संक्रांतीनंतर पहिल्या बाळंतपणाला येईल तोवर ही खोली तुमची, ती आली की हे दोन खांब माळ्यावर. लेकीच्या बाळंतपणापुढं कुठलाही बाप बोलू शकत नाही. मी मनात म्हटलं, दिवाळी नुकतीच झालीय. एक गाणं ऐकायला असा कितीसा वेळ लागणार.

अवधूतरावांनी मोबाईलवर आकृती पाठवली. दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर भिंतीला चिकटलेले नकोत, कोपऱ्यात तर अजिबात नकोत, आणि त्यांचं तोंड किंचित आत, ऐकणाऱ्याच्या कानांकडे वळलेलं हवं. हे जमलं की गाणारी बाई बरोबर दोहोंच्या मधे, समोर बसून गातेय असं वाटतं. आकृतीत खोली रिकामी होती. आमच्या सावेडीतल्या घरातल्या खोलीत एक गोदरेजचं कपाट, शिलाई मशीन, लग्नात मिळालेला दिवाण आणि बाल्कनीचं दार होतं. कपाट हलत नाही, कारण त्याचा एक पाय तुटलेला असून तिथं फरशीचा तुकडा आहे. त्रिकोण मांडून पाहिला तर माझी खुर्ची नेमकी स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्या वाटेवर आली.

वाट म्हणजे वाहती वाट. एका जुन्या गायिकेची भीमपलास रागातली चीज मी याच कामासाठी निवडली होती. ती लावावी, तंबोरा जुळावा, बाई समोर येऊन बसाव्यात, आणि त्यांच्या व माझ्या मधून नीलांबरी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जावी. मी खुर्ची वीतभर मागं घेतली की त्रिकोण बिघडायचा. मग स्पीकर सरकवायचे. मग फीत घेऊन भिंतीपासूनचं अंतर मोजायचं. गाणं तसंच पुढं चालू असायचं, पण माझं लक्ष फितीकडं. डावा स्पीकर जरा बाहेर, उजवा जरा आत, पुन्हा खुर्चीत, पुन्हा उठ. दिवसभरात मी खुर्चीत कमी आणि गुडघ्यांवर जास्त असायचो. समोरच्या झुंबरबाईंनी खिडकीतून पाहून हिला विचारलं, भाऊंनी एवढं फरशी पुसायचं काम कधीपासून घेतलं.

शिवाय तो खर्ज. तंबोऱ्याचा आणि बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, जो खालचा जाड आवाज असतो, तो आमच्या खोलीत येऊन कोपऱ्यात तोंड लपवून घुमायचा. ओळीच्या शेवटी कुणीतरी पिंपात बोलल्यासारखं 'बों' व्हायचं. अवधूतराव म्हणाले, कोपऱ्यांत काहीतरी जड आणि मऊ ठेवा. मी गाद्या ठेवल्या, त्या वाकून खाली बसल्या. नंतर उशा रचल्या, तर ही झोपताना एकेक काढून नेऊ लागली.

अशात खालचे आप्पासाहेब वर आले. आप्पासाहेब शुगर फॅक्टरीच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, गाव कोल्हार, तिथं अजून वाट्यानं शेती. त्यांच्या कोठीच्या खोलीला वाळवी लागली होती आणि फवारणी करायची होती.

"शामराव, ज्वारीची पोती तेवढी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "चार दिसांत नेतो. तुमची ही खोली मोकळीच हाय."

मोकळी हा शब्द मला लागला, पण शेजारधर्म होता. हमालांनी वर्षाची ज्वारी आणून दोन्ही कोपऱ्यांत छातीएवढी रचली. मी चिडूनच गाणं लावलं, आणि लावल्यावर उठायचं विसरलो. घुमणं गेलं होतं. खर्ज जमिनीवर पाय टेकून उभा होता, बाया स्वच्छ बोलत होता, आणि बाई खरोखर दोन स्पीकरच्या मधे, जरा उंचावर, शिलाई मशीनच्या जागी बसून गात होत्या. ज्यासाठी परदेशात लोक भिंतींना महागडे फोम चिकटवतात ते काम कोल्हारच्या मालदांडी ज्वारीनं केलं होतं.

मुखडा संपून आता अंतरा येणार, एवढ्यात बेल वाजली. आप्पासाहेबांच्या बनुबाई पायली घेऊन उभ्या होत्या. त्यांना दळणाला ज्वारी हवी होती. ज्वारी त्यांचीच, तेव्हा नाही कसं म्हणणार. पोत्याचं तोंड सोडणं, मापणं, सांडलेलं वेचणं, पुन्हा बांधणं, आणि ते करताना आमच्या हिच्याशी प्रणिताच्या तब्येतीबद्दल सविस्तर बोलणं, हे सगळं माझ्या आणि उजव्या स्पीकरच्या मधे झालं. पुढं हे रोजचंच झालं. बनुबाईंचं दळण आणि माझा अंतरा यांची वेळ कुणी ठरवून दिल्यासारखी एकच होती. पोतं जसजसं उतरायचं तसतसा उजव्या बाजूचा खर्ज सैल व्हायचा. मी हिला सुचवून पाहिलं की बनुबाईंना आपल्या डब्यातलं गव्हाचं पीठ देत जा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

फवारणी झाली. आप्पासाहेबांनी उरलेली पोती खाली नेली, आभार मानले, शेंगदाण्याचे लाडू पाठवले. खोलीत पुन्हा पिंप आलं. एकदा चांगलं ऐकलेल्या कानाला ते सहन होईना. मी गाणं लावायचो आणि उठायचो, बाल्कनीत जायचो, पुन्हा यायचो, कपाटाला खांदा लावून बघायचो. जेवताना मला ताटातल्या वाट्यांचा त्रिकोण दिसायचा. तिकडे संक्रांत जवळ येत चाललेली. शेवटी ज्याची लाज वाटावी असं काम मी करायचं ठरवलं.

मी खाली गेलो. आप्पासाहेब घरात नव्हते. बनुबाई शेंगा निवडत होत्या. त्यांना खर्ज, त्रिकोण आणि कोपरा हे कसं सांगावं ते मला कळेना. मी घसा खाकरला आणि म्हणालो की तुमच्या ज्वारीतली दोनचार पोती आमच्याकडं देता येतील का, घरात फार अडचण झालीय, जमेल तेव्हा परत करीन. बनुबाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, येवढं कशापायी वंगाळ वाटून घेता. मानसाला बरंवाईट दिस येत्यात." मला वाटलं, किती समजूतदार बाई आहे, गाण्याची कदर आहे.

संध्याकाळी वर ताट आलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, वर फडकं. नीलांबरीनं विचारलं, आज काय विशेष. बनुबाईंनी तिचा हात हातात घेऊन थोपटला. दुसऱ्या दिवशी झुंबरबाईंकडून खिचडी आली. कुणीतरी हिला जिन्यात गाठून हळू आवाजात विचारलं की पेन्शन अडकलीय का. प्रणिताच्या बाळंतपणाचं मनावर घेऊ नका, आम्ही सगळ्या आहोत, असंही कुणी म्हणालं. ही घरात आली तेव्हा तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

"तुम्ही खाली जाऊन धान्य मागितलंत?"

मी म्हणालो, खर्जासाठी मागितलं. ती खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, पण गाणं लावावं अशी ती वेळ नव्हती. तिच्या माहेरी नेवाशाला आल्यागेल्याला जेवू घालायची रीत. तिनं उभ्या जन्मात कुणाकडे वाटीभर साखर मागितली नव्हती, आणि मी भर कॉलनीत तिच्या घराचं दिवाळं काढलं होतं. हे तिनं मला इतक्या शांतपणे सांगितलं की त्यापेक्षा भांडी आपटली असती तर बरं झालं असतं. मला मनापासून वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी पोती कधी येतात याकडेही माझं लक्ष होतं.

पोती आली. नुसती आप्पासाहेबांची नाही, कॉलनीनं आणली. कुणी गव्हाचा कट्टा, कुणी बाजरी, कुणी तांदूळ, एका गृहस्थांनी कांद्याची गोणी. नीलांबरी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती की अहो, आमच्याकडं सगळं आहे, हे यांच्या स्पीकरसाठी आहे. ती जितकी समजावून सांगायची तितके लोक जास्त गहिवरायचे. बनुबाई इतरांना म्हणाल्या, "मानी हायेत बिचारी. स्पीकरचं नाव सांगत्यात." यावर कुणाचाही काही उपाय नव्हता. मी पोती मात्र नीट रचून घेतली. ज्वारी डावीकडं, गहू उजवीकडं, बाजरी पाठीमागं. कांदा खर्जाला उपयोगी नाही असं माझं मत झालं, पण तो देणारे गृहस्थ जिन्यात रोज चौकशी करायचे म्हणून ठेवला. दोन दिवसांत भीमपलासला कांद्याचा वास येऊ लागला.

एवढं धान्य एका घरात दिवसाढवळ्या चढताना पाहून कुणीतरी तहसीलला फोन केला. कुणी केला ते मला ठाऊक नाही आणि मी विचारत बसलो नाही. एके दुपारी कानिफनाथ नावाचे पुरवठा निरीक्षक दारात उभे राहिले. रेशनचा माल एका खासगी खोलीत उतरवला जातो अशी निनावी तक्रार होती. मी त्यांना खोलीत नेलं. पोत्यांच्या मधोमध एक खुर्ची आणि समोर दोन काळे स्पीकर, असं ते दृश्य पाहून ते बराच वेळ उभे राहिले. साठेबाज मालावर पहारा द्यायला बसतो, पण तो स्पीकर लावून बसत नाही, इतपत त्यांच्या लक्षात आलं असावं.

त्यांनी पोत्यात खुपसायची पोकळ लोखंडी सळई काढली आणि नमुना घेऊ लागले. मी त्यांना समभुज त्रिकोण समजावून सांगितला. एवढी वर्षं सरकारी टेबलामागं काढलेल्या माणसाला सरकारी टेबलापुढं उभं राहायला किती जड जातं हे मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, कारण काय लिहू. मी म्हणालो, ध्वनिशोषण. त्यांनी 'घरगुती वापर' लिहिलं. मला ते झोंबलं, पण मी सही केली.

मग त्यांनी विचारलं, "येतो का खरंच आवाज? लावा की जरा."

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. नियमच आहे, घरी आलेल्याला चांगली जागा द्यायची. त्यात हा सरकारी माणूस. मी कांद्याच्या गोणीवर बसलो. कानिफनाथ डोळे मिटून ऐकत होते. मुखडा झाला आणि ते डोळे न उघडता म्हणाले, डावा जरा पुढं घ्या. मी घेतला. म्हणाले, आता उजवा. मी उजवा सरकवत होतो तेव्हा मागं अंतरा होऊन गेला. त्यांना तो आवडला. पुढच्या रविवारी ते खाजगीत, शर्ट बदलून, मेहुण्याला घेऊन पुन्हा पाहणीला आले आणि त्या वेळी मी चहा करायला आत होतो.

त्यांच्या सळईनं पोत्यांना भोकं पडली होती. ती माझ्या लक्षात आली नव्हती. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात एके दुपारी सगळं जुळून आलं. ही भाजीला गेली होती, आप्पासाहेब कोल्हारला, बनुबाई त्यांच्याबरोबर. बाल्कनीत कपडे नव्हते. मी बेलची तार काढली, मोबाईल उशीखाली ठेवला, गाणं लावलं आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलो. उठायचं नाही, अशी मी स्वतःला शपथ घातली होती. मुखडा झाला. तबलजीनं बायावर घुमारा दिला आणि त्याबरोबर डाव्या पोत्यातून ज्वारीची बारीक धार सुरू झाली. समेवर जोरात, मधे हळू. मी बसून राहिलो. उजवीकडून गहू सुरू झाले. तरी मी बसलो. मग दाणे स्पीकरच्या पायाशी जमले, त्यांच्यावरून एक मुंगळा चालत वर निघाला, तो सरळ जाळीच्या दिशेनं, आणि मी उठलो.

उठलो तर दारात प्रणिता. एका हातानं कंबर धरलेली, मागं अवधूतराव बॅगा घेऊन. डॉक्टरांनी लवकर माहेरी जा म्हटलं होतं. त्यांनी फोन केले होते, बेल दाबली होती, शेवटी दार ढकललं होतं. लेक दमून भिंतीला टेकली होती आणि मी हातात मुंगळा धरून गव्हात उभा होतो. तिनं खोलीकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "मी कुठं झोपू?"

या प्रश्नाला त्रिकोणात उत्तर नव्हतं. मी स्वतः पोती ओढायला लागलो. अवधूतरावांनी शर्टाच्या बाह्या सारल्या, जिन्यातून येणारे जाणारे हातभार लावू लागले. ज्याचं त्याला धान्य परत गेलं, तेही बाळंतिणीला राहू द्या असं म्हणत शेर दोन शेर मागं ठेवून. दिवाण खिडकीपाशी आला, त्यावर धुतलेली चादर पडली. स्पीकर माळ्यावर चढवताना अवधूतराव म्हणाले की मांडणी छान जमली होती. मी जावयाचे आभार मानले. प्रणिता झोपली. खोलीचं दार लोटून घेतलं, आणि मला बसायला घरात जागा उरली नाही. बाहेरच्या खोलीत अवधूतराव लवंडले होते. मी इकडे तिकडे दोनचार फेऱ्या मारल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसलो. संपलं, असं मला वाटलं. बाळंतपण, मग बारसं, मग नातवंडाची झोप. आता माळ्यावरून ते खाली काढायला कोण देतंय. मला खरंच रडू यायचं बाकी होतं, आणि एवढ्याशा गोष्टीचं रडू येतंय याचीही लाज वाटत होती.

नीलांबरी परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. माझ्याशी अजून ती धड बोलत नव्हती. तवा तापत होता. थापायला लागली आणि थापण्याच्या ठेक्यावर ती गुणगुणू लागली. भीमपलासचा मुखडा. तो कॉलनीतल्या कुणालाही येत होता. पण मुखडा झाल्यावर ती थांबली नाही. वरच्या षड्जाकडे निघाली आणि माझ्या ओळखीचं नसलेलं काहीतरी गाऊ लागली.

मी विचारलं, "हे काय?"

"अंतरा," ती म्हणाली.

"तुला कुठून येतो?"

"रोज तर लागायचं घरात. तुम्ही फीत घेऊन जमिनीवर असायचात. गाणं काही तुमच्यासाठी थांबायचं नाही, ते पुरं व्हायचं. मी इथं असायचे." भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाण्याचा हात फिरवला. "ऐकायचंय का?"

मी हो म्हणालो. तिनं पुन्हा सुरुवातीपासून धरलं. आवाज तिचा काही तयारीचा नाही, लग्नाआधी शिकलेली तेवढीच. डावीकडून गॅसचा फरफर आवाज येत होता आणि उजवीकडं नळ थेंब थेंब गळत होता. मी नकळत स्टूल जरा सरकवायला गेलो.

"हलू नका," ती म्हणाली आणि अंतऱ्यावर गेली.

मी हललो नाही. ती डोळे मिटून वर गेली, तिथं क्षणभर राहिली, आणि एकेक सूर उतरत खाली यायला लागली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून बसलो.